नव्वद तासांचा चुकलेला हिशेब

आठवड्याला ९० तास म्हणजे नेमके किती, हे एकदा बोटांवर मोजून पाहायला हवे. सातही दिवस काम केले तर रोज जवळपास १३ तास. रविवार सोडला तर रोज १५. विरारहून चर्चगेटला येणाऱ्याचे जाण्यायेण्याचे तीन तास त्यात मिळवा. उरलेल्या सहा तासांत झोप, आंघोळ, दोन वेळचे जेवण, पोरांचा अभ्यास आणि आईला दवाखान्यात नेणे, सगळे बसवायचे. झोपच तेवढ्यात बसत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांची एक चित्रफीत देशभर फिरली. रविवारी तुमच्याकडून काम करून घेता येत नाही याची खंत वाटते, मी स्वतः रविवारीही काम करतो, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असा कर्मचाऱ्यांपुढच्या त्या बोलण्याचा आशय होता. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक एन. आर. नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला ७० तासांचा सल्ला दिला होता. दोन्ही वेळा विनोदांचा पाऊस पडला, मीम्स झाल्या, चार दिवसांनी विषय मागे पडला. थट्टा झाली, पण उत्तर दिले गेले नाही. आणि या म्हणण्याला उत्तर द्यायलाच हवे, कारण ते दोन वडीलधाऱ्यांचे मत एवढ्यावर थांबलेले नाही. कचेऱ्यांच्या अप्रेझलमध्ये ते शिरले आहे, सरकारी निर्णयांतही त्याची सावली दिसते.

ज्या रविवाराची सुब्रह्मण्यन यांना खंत वाटते, तो मुंबईत कोणी आकाशातून टाकला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. आठवड्याची एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सूर्यास्ताला काम बंद, पगार वेळेवर, एवढ्या साध्या मागण्या होत्या. त्यातली रविवारची सुट्टी मान्य व्हायला १० जून १८९० उजाडावा लागला. गिरणीमालकांनाही तेव्हा उत्पादनाचीच काळजी होती. लार्सन अँड टुब्रोचे मुख्यालय त्याच मुंबईत बॅलार्ड इस्टेटला आहे. त्या इमारतीतल्या कोणालाही लोखंडे माहीत नसावेत, असे समजणे जड जाते.

आता मुद्द्यांकडे. पहिला मुद्दा देशाचा. चिनी लोक ९० तास काम करतात म्हणून चीन अमेरिकेला मागे टाकील, असे एका चिनी माणसाने सांगितल्याचा दाखला सुब्रह्मण्यन यांनी दिला. चीनमधल्या तंत्रज्ञान कंपन्यांत सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे सहा दिवस, अशी पद्धत होती हे खरेच. तिला तिथे ‘९९६’ म्हणतात. पण ऑगस्ट २०२१ मध्ये चीनच्याच सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली. ९९६ चे होतात आठवड्याला ७२ तास. ज्या देशाचा दाखला द्यायचा, त्या देशाच्या न्यायालयाला ७२ तासही जास्त वाटले.

मूर्तींनी दाखला दिला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीचा आणि जपानचा. हा दाखला ऐकायला भारदस्त आहे, म्हणून तो जरा उघडून पाहू. पश्चिम जर्मनीत पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर आठवडा साधारण ४८ तासांचा होता. कारखाने धडाडीने उभे राहत होते, निर्यात वाढत होती, नेमक्या त्याच वेळी, १९५६ साली, तिथल्या कामगार महासंघाने पाच दिवसांच्या आठवड्याची मोहीम उघडली. तिच्या भित्तिपत्रकावर एक लहान मुलगा होता आणि शनिवारी बाबा माझे, अशा अर्थाची घोषणा होती. १९६७ पर्यंत धातू उद्योगात ४० तासांचा आठवडा आला. म्हणजे जर्मनी श्रीमंत होत गेला आणि तास कमी होत गेले, दोन्ही एकाच वेळी. आज जर्मन कामगार वर्षाला सरासरी साडेतेराशे तासांच्या आसपास काम करतो. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकडेवारीनुसार सरासरी आठवडा ४६ तासांच्या पुढे आहे आणि निम्म्याहून अधिक कामकरी आठवड्याला ४९ तासांपेक्षा जास्त राबतात. नुसत्या तासांनी राष्ट्रे उभी राहत असती, तर ही तुलना उलटी दिसायला हवी होती.

जपानचा दाखला तर मूर्तींवरच उलटतो. अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला ‘करोशी’ हा शब्द त्याच देशाने दिला. अशा मृत्यूनंतर कुटुंबाला भरपाई द्यायची की नाही, हे ठरवण्यासाठी जपानी सरकारने एक रेषा आखली आहे. हृदयविकार किंवा मेंदूतल्या रक्तस्रावाआधीच्या महिन्यात ४० तासांच्या आठवड्यापलीकडे १०० तास जादा काम झाले असेल, किंवा आधीच्या दोन ते सहा महिन्यांत महिन्याला सरासरी ८० तासांहून अधिक, तर मृत्यूचा संबंध कामाशी जोडला जातो. आता आपल्याकडचे सल्ले या रेषेवर ठेवून पाहा. आठवड्याला ७० तास म्हणजे ३० तास जादा, महिन्याला १२० हून अधिक. ९० तास म्हणजे ५० तास जादा, महिन्याला २०० हून अधिक. राष्ट्रउभारणीसाठी जो सल्ला आपल्या तरुणांना दिला गेला, तो पाळून एखादा जपानी माणूस दगावला तर जपानी सरकार त्याच्या बायकोला भरपाई देईल. याहून जास्त टीका करायची गरज नाही.

दुसरा मुद्दा उत्पादनाचा. जास्त तास म्हणजे जास्त काम, हे इतके उघड वाटते की कोणी तपासत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला तोफगोळ्यांची निकड होती आणि दारूगोळा कारखान्यांत आठवड्याचे सातही दिवस काम चालत होते. देशभक्तीची उणीव नव्हती, मुले आणि भाऊ खंदकांत लढत होते. तिथल्या नोंदी पुढे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कव्हेल यांनी २०१४ साली नव्याने तपासल्या. साधारण पन्नास तासांच्या पुढे प्रत्येक वाढीव तासाचे उत्पादन घसरत जाते आणि ७० तासांत होणारे एकूण काम ५६ तासांतल्या कामापेक्षा फारसे जास्त नसते, असे त्यांना दिसले. वरचे चौदा तास माणूस कारखान्यात होता, एवढेच. ही तर यंत्रावरची कामे, जिथे हात सवयीने चालतात. रात्री अकरा वाजता थकल्या डोळ्यांनी लिहिलेल्या कोडमधली चूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधत बसणाऱ्या हिंजवडीतल्या मुलीला हे समजायला पेन्कव्हेलची गरज नाही.

आणि शरीराचे काय होते, याचाही हिशेब झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. २०१६ या एका वर्षात अशा दीर्घ कामाशी जोडले गेलेले मृत्यू होते ७ लाख ४५ हजार. सत्तर आणि नव्वदच्या गप्पा सोडा, धोक्याची ही रेषा पंचावन्नावरच सुरू होते.

यावर नेहमीचे उत्तर येते की आम्ही स्वतःही तेवढेच काम करतो. करतही असतील. पण ९० तास स्वतःच्या मर्जीने काम करणारा अध्यक्ष आणि दुसऱ्याच्या मर्जीने ६० तास बसणारा कारकून यांच्या शरीरावर होणारा परिणाम सारखा नसतो. लंडनमधल्या सरकारी नोकरांवर १९६७ पासून सुरू झालेला ‘व्हाइटहॉल’ अभ्यास याच बाबतीत प्रसिद्ध आहे. तेव्हाची समजूत अशी की मोठ्या जबाबदारीचा साहेब हृदयविकाराने आधी जाणार. दिसले नेमके उलटे. सर्वांत खालच्या पदांवरच्या, निरोपे आणि दारवान अशा नोकरांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या साहेबांच्या तिपटीहून अधिक निघाले. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल वजा केले तरी फरकाचा मोठा भाग उरलाच. १९८५ साली मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली दहा हजारांहून अधिक नोकरांवर दुसरा अभ्यास सुरू झाला, तेव्हा एक कारण ठळक होत गेले. आपले काम कधी, कसे, कोणत्या क्रमाने करायचे हे ठरवण्याची मुभा ज्याला कमी, त्याचे हृदय जास्त धोक्यात.

साहेब रविवारी स्वतः उठून कचेरीत जातो तेव्हा तो काम करतो. साहेबाचा रविवारी फोन येतो म्हणून जो ताटावरून उठतो, तो ताण सोसतो. शिवाय मोबदल्याचा प्रश्न आहेच. २०२३-२४ मध्ये सुब्रह्मण्यन यांचा वार्षिक मोबदला ५१ कोटी रुपये होता, त्यांच्या कंपनीतल्या मधल्या कर्मचाऱ्याच्या ५३४ पट. या दराने रविवार द्यायला पुष्कळ लोक तयार होतील.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याचा दिवस काय आठ तासांचा असतो? घरकाम करणाऱ्या बाईला कुठला रविवार? ताण हे नोकरदारांचे चोचले आहेत. या प्रश्नात खोच आहे आणि अर्धे तथ्यही आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उफराटा आहे. शेतकऱ्याला नांगराचा त्रास होतो तेवढाच, किंबहुना त्याहून जास्त, पाऊस, बाजारभाव आणि सावकार यांतले काहीच हातात नसण्याचा होतो. व्हाइटहॉलच्या कारकुनाची व्यथा तीच आहे. बाईला रविवार नाही, ही तिला रविवार देण्याची सबब आहे, इतरांचा काढून घेण्याची नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत गोड शब्दांत मांडला जातो, म्हणून तो सर्वांत घातक आहे. ताण मनात असतो, मन खंबीर करा.

जुलै २०२४ मध्ये पुण्यात जगातल्या चार बड्या लेखापरीक्षण संस्थांपैकी एकीत नव्यानेच रुजू झालेल्या एका सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. कामाच्या ओझ्याने मुलगी गेली, असे तिच्या आईने कंपनीला पत्राने कळवले. कंपनीने तो आरोप मान्य केला नाही. देशभर चर्चा सुरू असताना केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी चेन्नईत बोलताना, ताण सोसण्याचे आत्मबळ घरातून आणि शिक्षणातून मिळायला हवे, ते अध्यात्मातून येते, असे मत मांडले. टीका झाल्यावर त्यांनी खुलासाही केला. त्यांचा हेतू वाईट होता असे मानायचे कारण नाही. पण त्याच सुमारास राज्याच्या कामगार विभागाचे अधिकारी त्या संस्थेच्या पुण्याच्या कचेरीत गेले, तेव्हा वेगळीच गोष्ट पुढे आली. २००७ पासून सुरू असलेल्या त्या कचेरीची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. तेव्हा दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घालणारा कायदा तोच होता. सतरा वर्षे ही नोंदणी कोणी विचारली नाही, आणि आत्मबळ मात्र मुलीत शोधायचे!

हाच विचार कंपन्यांत ‘वेलनेस’ या नावाने येतो. बुधवारी दुपारी योगासने, ध्यानाचे ॲप, ताणमुक्तीवर तासाभराचे व्याख्यान, आणि ते संपल्यावर त्या तासाचे राहिलेले काम रात्री. गळक्या छपराखाली घमेले ठेवण्याचा हा प्रकार आहे. योगावर इथे कोणाचाच आक्षेप नाही. पण अशा उपक्रमांनी ताण कमी होतो का, हेही तपासले गेले आहे. ऑक्सफर्डचे विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती पडताळली आणि २०२४ साली निष्कर्ष मांडले. ध्यानाची ॲप, खंबीरपणाचे वर्ग, ताण-व्यवस्थापनाची शिबिरे यांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मानसिक स्वास्थ्यात जवळजवळ फरक नव्हता. अपवाद एकच, समाजकार्यात वेळ देण्याची संधी मिळालेल्यांचा. अमेरिकेत एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीच्या सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांवर झालेल्या प्रयोगातही दीड वर्षानंतर रक्तदाब, वजन, गैरहजेरी, वैद्यकीय खर्च यांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. ही उधळपट्टी कंपन्या करत राहतात याचे कारण सोपे आहे. माणसे वाढवण्यापेक्षा ॲप स्वस्त पडते.

फ्रान्समध्ये या प्रश्नाला न्यायालयाने सरळ तोंड दिले. फ्रान्स टेलिकॉम कंपनीने २००६ नंतर २२ हजार नोकऱ्या कमी करण्याचे ठरवले. बहुतेकांच्या नोकऱ्यांना कायद्याचे संरक्षण होते, म्हणून लोकांनी स्वतःच सोडून जावे असे वातावरण तयार करण्यात आले. सतत बदल्या, अशक्य उद्दिष्टे, काढून घेतलेली कामे. अनेक कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. डिसेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने माजी प्रमुख दिदिये लोम्बार यांच्यासह वरिष्ठांना संस्थात्मक छळासाठी दोषी ठरवले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही हे तत्त्व कायम केले, ते जानेवारी २०२५ मध्ये. आपल्याकडे बायकोकडे किती वेळ बघायचे यावर चर्चा रंगली होती, त्याच महिन्यात. कर्मचारी मनाने कमकुवत होते का, हा त्या खटल्यातला प्रश्नच नव्हता. धोरण कोणी आखले, एवढेच न्यायालयाने विचारले.

मग ताण कमी कसा करायचा? याची उत्तरे परदेशातच आहेत असे नाही. मुंबईतले देवनार पोलीस ठाणे घ्या. बारा-बारा तासांची ड्यूटी, त्यावर बंदोबस्त, त्यावर गणपती आणि नवरात्र, हे मुंबई पोलिसांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे जगणे. माणसे कमी असल्याने आठ तासांची पाळी शक्यच नाही, ही सर्वमान्य समजूत. एका शिपायाने उपलब्ध माणसांतच आठ तासांच्या पाळ्या कशा बसतील याचा आराखडा मांडला. तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो फेटाळला नाही. मे २०१६ मध्ये देवनारला प्रयोग सुरू झाला, पुढे तो शहरातल्या इतर ठाण्यांत गेला. आराखडा वरून उतरला नाही, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे. ड्यूटी कशी कापली जाते, कुठे माणूस नुसता उभा असतो, कुठे दोन कामे एकाच वेळी अंगावर येतात, हे ती ड्यूटी करणाऱ्यालाच माहीत असते. ही व्यवस्था सगळीकडे टिकली असे म्हणता येत नाही, बंदोबस्त लागला की ती मोडते. तरी ‘शक्यच नाही’ हे उत्तर खोटे होते, एवढे देवनारने दाखवले.

ब्रिटनमध्ये २०२२ साली ६१ कंपन्यांतल्या सुमारे २,९०० जणांनी पगार न कापता चार दिवसांचा आठवडा सहा महिने चालवून पाहिला. ३९ टक्क्यांचा ताण कमी झाला, ७१ टक्क्यांनी थकून कोलमडण्याची भावना कमी झाल्याचे सांगितले, नोकरी सोडून जाणाऱ्यांची संख्या निम्म्याहून खाली आली आणि महसूल घटला नाही. ५६ कंपन्यांनी ही पद्धत पुढे चालू ठेवली. या कंपन्या आपणहून पुढे आलेल्या होत्या, हे सांगायला हवे. जिथे मालकाला असे करायचेच नाही तिथे काय होईल, ते या प्रयोगातून कळत नाही. त्यासाठी कायदाच लागतो. जपानने २०१९ पासून जादा कामाला महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली आणि ती मोडणाऱ्या मालकाला शिक्षा ठेवली.

महाराष्ट्र मात्र उलट्या वाटेला निघाला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि दुकाने-आस्थापनांत ९ वरून १० तासांवर नेण्याला मान्यता दिली. कारखान्यांत तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर. कामगाराची लेखी संमती लागेल आणि जादा कामाचे दुप्पट वेतन मिळेल, असे सरकार सांगते. दुप्पट वेतन ठीक. पण संमतीचा अर्थ कारखान्याच्या फाटकावर वेगळा होतो. कंत्राटी कामगारापुढे कागद येतो तेव्हा त्याला नकार देण्याची जागा दिसत नाही, त्याला दिसतो तो बाहेर उभा असलेला पुढचा माणूस. व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे असताना आठ तासांच्या दिवसाचा आग्रह धरला गेला आणि १९४६ च्या कायद्याने कारखान्यांतला ५४ तासांचा आठवडा ४८ वर आला. त्यांचे नाव घेतल्याशिवाय ज्या राज्यात एकही सरकार शपथ घेत नाही, तिथे हे घडते आहे.

कचेरीतल्या नोकरदाराची गोष्ट याहून विचित्र. २०१७ च्या महाराष्ट्राच्या आस्थापना कायद्यातून गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदांवरची माणसे वगळलेली आहेत. त्यामुळे हाताखाली एकही माणूस नसलेला पंचविशीतला मुलगा ‘असिस्टंट मॅनेजर’ झाला की त्याला तासांचे संरक्षण उरते का, असा प्रश्न उभा राहतो. बढती म्हणून पेढे वाटावेत आणि त्याच दिवशी कायद्याबाहेर जावे! सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक २०१८ साली लोकसभेत मांडले, २०२५ मध्ये पुन्हा मांडले. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी चौदाच खासगी विधेयके कायदा झाली आणि शेवटचे १९७० साली. त्यावर भरवसा ठेवून बसण्यात अर्थ नाही.

नव्या कायद्याची वाट न पाहताही एक गोष्ट होण्यासारखी आहे. कोण किती तास काम करतो हे सरकारला कळणार कसे, ही सबब आता चालत नाही. हिंजवडी, खराडी, ऐरोली, बांद्रा-कुर्ला संकुल, कुठेही जा. दारावर कार्ड टेकवल्याशिवाय आत जाता येत नाही, लॅपटॉप कधी चालू झाला आणि कधी बंद, याची नोंद सर्व्हरवर सेकंदासकट पडते. घरून काम करणाऱ्याचे लॉगिनही त्यातून सुटत नाही. उशिरा आलेल्याचा अर्धा दिवस कापायला हीच नोंद वापरतात. टाइमशीटवर नऊ तास आणि सर्व्हरवर तेरा, ही तफावत कंपनीला ठाऊक असते, फक्त ती कोणी मागत नाही. २०१७ च्या कायद्याने निरीक्षकाच्या जागी ‘सुविधाकार’ आणला, पण आस्थापनेतल्या नोंदी तपासण्याचा अधिकार त्याच्याकडे ठेवला आहे. पुण्यातली नोंदणीची भानगड उघड झाली, तीही कोणीतरी तपासायला गेले म्हणूनच. तिथून पुढच्या कचेरीत जायचे, आणि हजेरीपट मागायचा तो सर्व्हरवरचा.